मालकांच्या कागदावर सही करण्याआधी

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे पती 40 वर्षांचे असून 18 वर्षे टॉवेलच्या कारखान्यात माग चालवत होते. सात महिन्यांपूर्वी रात्रपाळीत चालू मागाच्या गिअरमध्ये त्यांचा उजवा हात सापडला आणि अंगठा वगळता चारही बोटे गेली. पीस रेटवर, म्हणजे नगामागे मजुरीवर, त्यांना महिन्याला साधारण 15,000 रुपये पडत असत. मालकांनी दवाखान्याचा खर्च केला. आता ते 2 लाख रुपये द्यायला तयार आहेत, मात्र त्याबदल्यात ‘यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही’ अशा मजकुराच्या स्टॅम्प पेपरवर सही मागत आहेत, आणि हवे असल्यास बारावीतल्या मुलाला वडिलांच्या जागी कामावर घेतो, असेही म्हणत आहेत. त्या पैशात पानाची टपरी टाकावी, असा दिरांचा आग्रह आहे. पती मात्र घराबाहेरच पडत नाहीत, हात सतत पंचाखाली झाकून ठेवतात आणि ‘मला अपंगाचा शिक्का नको’ म्हणून प्रमाणपत्र काढायला नकार देतात. भगिनी घरी विड्या वळून संसार ओढत आहेत. सही करावी का, टपरी टाकावी का आणि या माणसाला पुन्हा कामाला कसे लावावे, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याला वेळेचे बंधन आहे. त्या कागदावर सध्या सही करू नका. मालकांच्या मनात खोट आहे असे मी म्हणत नाही. दवाखान्याचा खर्च त्यांनी स्वतःहून केला, ही गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. पण कामावर झालेल्या अपघाताबद्दल तुमच्या पतींना जे मिळायला हवे, ते मालकांच्या मर्जीवर सोडलेले नाही, ते कायद्याने ठरवून दिलेले आहे. आणि ती रक्कम 2 लाखांच्या कितीतरी पुढे जाते.

सर्वांत आधी एक गोष्ट शोधून काढा: पतींचे नाव कामगार विमा योजनेत, म्हणजे ज्याला आपल्याकडे सगळे ईएसआय म्हणतात त्यात, नोंदवलेले होते का? जुन्या पगारपत्रकावर, हजेरी कार्डावर किंवा त्यांच्या पाकिटात विमा क्रमांक सापडतो का ते पाहा. दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ही योजना साधारणपणे लागू होते. मालकांनी नाव नोंदवले नसेल किंवा हप्ते भरले नसतील, तरी केवळ त्या कारणाने कामगाराचा हक्क बुडत नाही. ती वसुली विमा महामंडळ मालकांकडून करते. म्हणून ‘तुमचे नाव नव्हते’ एवढ्या उत्तरावर परत फिरू नका, शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

योजना लागू असेल तर दोन गोष्टी मिळतात. अपघातानंतर जितके दिवस ते कामावर जाऊ शकत नव्हते, त्या काळासाठी सरासरी वेतनाच्या 90 टक्के रक्कम मिळते. त्यानंतर वैद्यकीय मंडळ त्यांची कमाईची क्षमता किती घटली ते ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळत राहते. एका हाताची चारही बोटे गेल्यास ही घट 50 टक्के धरावी, असे कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेले आहे. हिशेब करून पाहा. महिना 15,000 म्हणजे दिवसाला सुमारे 500 रुपये, त्याचे 90 टक्के 450, आणि त्याच्या निम्मे 225. महिन्याला साधारण 6,750 रुपये, आणि तेही हयातभर. तुमचे पती उद्या दुसऱ्या कामावर रुजू झाले आणि पूर्वीइतके कमावू लागले, तरी ही रक्कम थांबत नाही. ही शेवटची बाब मी मुद्दाम सांगते आहे, कारण पेन्शन बंद होईल या भीतीने घरी बसून राहणारी माणसे आपल्या शहरात आहेत आणि ती भीती निराधार आहे.

कारखाना विमा योजनेत बसतच नसेल, तर नुकसानभरपाईचा दुसरा मार्ग आहे. त्याचे सूत्र असे: वेतनाचे 60 टक्के, त्याला वयानुसार ठरलेला गुणांक, आणि आलेल्या रकमेतून कमाईच्या क्षमतेत जितकी घट तितका हिस्सा. 40 वर्षे पूर्ण झालेल्या माणसासाठी हा गुणांक 184.17 आहे. 15,000 चे 60 टक्के 9,000, त्याला 184.17 ने गुणल्यास 16,57,530. त्याचे निम्मे 8,28,765 रुपये. आता मालकांचे 2 लाख या आकड्याशेजारी ठेवून पाहा. आणि एक लक्षात ठेवा, अशा प्रकरणात आपसांत केलेली तडजोड संबंधित अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. कामगाराने आपला हक्क सोडून दिल्याचा खासगी कागद कायद्यापुढे टिकत नाही. पण एकदा तशी सही झाली की तो कागद टिकत नाही हे सिद्ध करण्यात वर्षे जातात, म्हणून तो होऊच न देणे उत्तम. या दाव्यांना कालमर्यादा आहे. सात महिने आधीच गेले आहेत, आता आठवडेही घालवू नका.

वकिलाच्या खर्चाची काळजी तुम्ही पत्रात लिहिली आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रिया, औद्योगिक कामगार आणि दिव्यांग व्यक्ती यांना तेथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जाताना दवाखान्याची डिस्चार्ज समरी, हजेरी कार्ड, पगार जमा होत असलेल्या बँकेचे पासबुक आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक असल्यास तो, एवढे बरोबर ठेवा. पीस रेटच्या कामगाराकडे पगाराची पावती नसणे ही आपल्या यंत्रमागांवरची जुनी दुखरी बाब आहे. अशा वेळी त्याच पाळीत काम करणाऱ्या दोघा सोबत्यांची साक्ष उपयोगी पडते.

आता प्रमाणपत्राकडे वळते. तुमचे पती ज्याला शिक्का म्हणतात, त्याच्या टक्क्यांबद्दल घराघरांत एक मोठा गोंधळ असतो. कामगार विम्याचे मंडळ जे 50 टक्के ठरवते ते कमाईच्या क्षमतेबद्दलचे असते. सिव्हिल हॉस्पिटलचे मंडळ दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर जो आकडा लिहिते तो शरीराच्या त्या अवयवाच्या हानीबद्दलचा असतो, त्याचे मोजमाप वेगळ्या मार्गदर्शक सूचनांनुसार होते, आणि तो आकडा पहिल्यापेक्षा वेगळा येऊ शकतो. एका मंडळाचा कागद दुसऱ्या मंडळापुढे चालत नाही. आणि या दोन्हींपैकी एकही आकडा माणूस किती काम करू शकतो ते सांगत नाही. 60 टक्के लिहिलेला माणूस पूर्ण पाळी काम करतो आणि 40 टक्के लिहिलेला घरी बसून राहतो, हे तुम्हीही आसपास पाहिले असेल. हे तुमच्या पतींना सांगा. प्रमाणपत्र हे माणसाच्या लायकीचे मोजमाप नसून काही दारे उघडणारी किल्ली आहे: 40 टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास सरकारी नोकऱ्यांतील 4 टक्के आरक्षण, दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचे कर्ज, महापालिकेने आपल्या उत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा 5 टक्के निधी, अशा अनेक ठिकाणी ते लागते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. तुमचा मुलगा तो घरूनच भरू शकेल. पती आज तयार नसतील तर आठ-पंधरा दिवस थांबा. विम्याच्या दाव्याला मात्र थांबू नका, कारण त्यासाठी हे प्रमाणपत्र लागत नाही.

पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तुम्ही लिहिले आहे की नणंदेच्या मुलीच्या लग्नात ते पंगतीला बसले नाहीत, पोट दुखते म्हणून घरी राहिले. मला वाटते, सारी अडचण तिथे आहे. डाव्या हाताने जेवायचे, डाव्या हाताने पैसे द्यायचे, डाव्या हाताने प्रसाद घ्यायचा, हे आपल्याकडे चारचौघांत किती जड जाते ते सांगायला नको. कारखान्याच्या फाटकाशी जाण्याआधी त्यांना पंगतीत बसता आले पाहिजे. यावर उपाय आहे. त्यांचा उजवा अंगठा शाबूत आहे आणि तळवा शाबूत आहे. अंगठा आणि तळव्याच्या कडेमध्ये वस्तू धरण्याची पकड सरावाने बरीच वाढवता येते. जाड मुठीचा चमचा, किंवा तळव्याभोवती पट्ट्याने बसवलेला चमचा, वापरून माणूस उजव्या हाताने जेवू शकतो. असा पट्टा मोच्याकडून जुन्या चपलेच्या चामड्याचाही करून घेता येतो. सिव्हिलच्या किंवा कामगार विमा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात त्यांना घेऊन जा, उरलेल्या हाताची पकड वाढवण्याचे आणि कापलेल्या टोकांचा हळवेपणा कमी करण्याचे व्यायाम मागून घ्या. नसलेली बोटे दुखतात, असे ते रात्री म्हणत असल्याचे तुम्ही लिहिले आहे. तो भ्रम नाही आणि वेडही नाही. अवयव गेलेल्या अनेकांना तसे होते आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा.

त्याचबरोबर एक काम तुमचे आहे आणि ते कठीण आहे. शर्टाची बटणे लावणे, भात कालवून देणे, अंघोळीचे पाणी काढून देणे, हे तुम्ही आता हळूहळू सोडायला हवे. तुमच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही, पण ज्या माणसाचे प्रत्येक काम दुसरा करतो, त्याला आपण काही करू शकतो हे कळण्याची संधीच राहत नाही. बटण लावायला पंधरा मिनिटे लागली तर लागू द्या. त्या वेळात तुम्ही विड्यांचे सूप घेऊन दुसऱ्या खोलीत बसा. आणि ते पूर्वीसारखे बोलत नसतील, झोप उडाली असेल किंवा जगण्याबद्दल निरवानिरवीची भाषा करत असतील, तर उशीर न करता सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

आता कामाचे. दिरांची टपरीची सूचना प्रेमापोटी आलेली आहे, हे मी जाणते, तरीही मला ती पटत नाही. आपल्याकडे कोणाचा हात किंवा पाय गेला की लोक प्रथम त्याच्यासाठी टपरी, पीठगिरणी किंवा झेरॉक्सचे यंत्र शोधतात. जणू त्याच्या आयुष्यातली आधीची सगळी वर्षे त्या अपघातात पुसली गेली. पुनर्वसनाचा विचार गेलेल्या बोटांपासून सुरू केला की तो टपरीपाशी पोहोचतो. तो उरलेल्या कसबापासून सुरू करायला हवा. अठरा वर्षे मागावर उभा राहिलेला माणूस काय जाणतो, याची यादी एकदा त्यांच्याच तोंडून करून घ्या. शेडमध्ये चोवीस माग खडखडत असताना एका मागाचा आवाज बदलला की त्यांची मान तिकडे वळत असणार. टॉवेलचे लूप सैल पडत आहेत, काठ ओढला जातो आहे, बाण्याच्या सुताचा लॉट बदलला आहे, हे त्यांना कापड हातात न घेता दिसत असणार. कोणत्या मालाला गिऱ्हाईक ‘सेकंड’ म्हणून परत पाठवील, हे त्यांना मालकांच्या मुलापेक्षा चांगले कळत असणार. यातले काहीही त्या चार बोटांत नव्हते.

म्हणून मालकांकडे जायचे ते 2 लाख मागायला नव्हे, काम मागायला. कोणते काम, तेही आपणच सांगायचे. त्याच कारखान्यात तयार मालाची तपासणी असते: टेबलावर टॉवेल पसरायचा, तुटका धागा, तेलाचा डाग, वाकडा काठ शोधायचा आणि पहिला-दुसरा दर्जा वेगळा करायचा. यासाठी डोळे लागतात आणि टॉवेल सरकवायला एक हात व एक तळवा पुरतो. सुताच्या गोदामात कोन, म्हणजे सुताची शंकूसारखी रिळे, मोजणे, वजन आणि लॉट क्रमांकाची नोंद ठेवणे असते. पाळीच्या मुकादमाला मदत करणे, नव्या मुलांना माग शिकवणे असते. मालकांनी करायचे बदलही फार मोठे नाहीत: तपासणीचे टेबल उजेडाजवळ आणि योग्य उंचीवर, कापड धरून ठेवायला काठावर एक वजनदार पट्टी, नोंदी डाव्या हाताने मोबाइलवर, आणि चालू यंत्राच्या जवळचे कोणतेही काम नाही. पहिले तीन महिने प्रयोग म्हणून ठरवा, पण ठरलेल्या पगारावर आणि लेखी. ‘बसून राहा, काहीतरी देत जाऊ’ हे स्वीकारू नका. त्यात पगारही राहत नाही आणि मानही राहत नाही.

कायदा येथे किती साथ देतो, हेही तुम्हाला स्पष्ट माहीत असावे. 2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने सरकारी आस्थापनांना असे बांधून घातले आहे की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर त्याच्यासाठी जादा पद निर्माण करावे लागते. हेच तत्त्व जुन्या 1995 च्या कायद्यातही होते, आणि गँगरीनमुळे डावा पाय गमावलेल्या एका शिपायाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली ते ठामपणे लागू केले. खासगी कारखान्याला मात्र हे कलम लागू होत नाही. खासगी मालकांनी दिव्यांगांबाबत समान संधीचे धोरण ठेवावे, एवढे कायदा सांगतो, पण तुमच्या पतींना परत घ्याच, असे त्याच्या जोरावर मालकांना भाग पाडणे अवघड आहे. कापड गिरण्यांनी आणि यंत्रमागांनी वाढवलेल्या या शहरात मागावर बोटे गमावलेल्या कामगाराला ही हमी नसावी, हे मला अन्यायाचे वाटते. पण आजची स्थिती ती आहे, आणि म्हणूनच मालकांसमोर कामाचा नेमका प्रस्ताव ठेवणे एवढे महत्त्वाचे आहे. बोलायला जाताना पतींबरोबर त्यांच्या पाळीतला एखादा जुना सोबती किंवा युनियनचा कार्यकर्ता असू द्या. तुम्हीही जा. बोलू द्यायचे मात्र पतींनाच.

मालक नाही म्हणाले तर? तर दुसरे कारखाने आहेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तपासणी आणि पॅकिंगला जाणकार माणूस सहजी मिळत नाही, अशी तक्रार मालक मंडळी नेहमी करतात. गणवेश आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांतही हेच कसब चालते. शिवाय कामगार विमा योजनेतच व्यावसायिक पुनर्वसनाची तरतूद आहे: कामावरच्या अपघाताने 40 टक्के किंवा अधिक घट झालेल्या आणि 45 वर्षांपुढे न गेलेल्या विमेदाराला नवे काम शिकण्याच्या काळात भत्ता मिळतो. तुमचे पती दोन्ही अटींत बसतात, पण वयाची अट पाहता हा मार्ग पाचच वर्षे खुला आहे. केंद्रीय श्रम मंत्रालयाचे दिव्यांगांसाठीचे करिअर सेवा केंद्र मुंबईत आहे. पूर्वी त्याला व्यवसाय पुनर्वसन केंद्र म्हणत. तेथे उरलेल्या क्षमतेचे मूल्यमापन करून कोणते काम झेपेल, कोणते प्रशिक्षण घ्यावे, याचे मार्गदर्शन करतात. जाण्याआधी चौकशी करून दिवस ठरवून घ्या.

दुकानच काढायचे झाले, तर ते भरपाईच्या पैशातून आणि सर्वांत शेवटी, आणि तेही पतींना जे कळते त्याचे असावे. टॉवेल-चादरींचा किरकोळ व्यापार, छोट्या कारखानदारांकडून माल तपासून घेऊन बाहेरगावी पाठवणे, यात त्यांची नजर भांडवल ठरेल. पानाच्या टपरीत ती वाया जाईल, आणि चुना-कात लावून पान दुमडणे हे चार बोटे नसलेल्या हाताला टॉवेल तपासण्यापेक्षा कठीणच आहे.

राहिला तुमचा मुलगा. मालकांनी त्याला बोलावले आहे आणि घरात पैसे नाहीत, त्यामुळे तो स्वतःच जायला तयार झाला आहे, असे तुम्ही लिहिता. त्याला पाठवू नका. त्याच शेडमध्ये, त्याच मागांवर, आणि अपघात ज्या गिअरमध्ये झाला त्याला अजून जाळी बसलेली नाही, हे तुमच्याच पत्रात आहे. त्याला बारावी पूर्ण करू द्या. परीक्षेपर्यंतचे हे चार-सहा महिने निभावण्यासाठी विम्याच्या थकीत 90 टक्के रकमेचा अर्ज आधी लावा, कारण तुमच्या सगळ्या मागण्यांत लवकरात लवकर हाती येऊ शकेल अशी रक्कम तीच आहे. आणि मालकांना पहिले पत्र लिहाल तेव्हा कामाच्या मागणीखाली एक ओळ त्या गिअरला जाळी बसवण्याचीही लिहा. आज त्या मागावर दुसऱ्या कोणाचा तरी हात आहे.